प्लग बसला, पण बोलणं होईना!

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर काय काय आहे, जरा आठवून पाहा बरं! पितळी बंब, मुलांचा पाळणा, कुणाची तरी पत्र्याची ट्रंक, आणि 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली, कधीच न लागलेली शंभर बोचकी. आमच्या सांगलीच्या घराच्या माळ्यावर या सगळ्याच्या जोडीला एक कॉम्प्युटर होता. जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून, सुतळीनं बांधलेला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत मी कंबर कसली. 'हे' म्हणाले, "देऊन टाक तो डबा. कुणी घेणार नाही आता, वजनावर जाईल." मलाही ते पटलं. दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला मीच हाक मारली. त्यानं काटा काढला, मी सुतळी सोडली, आणि तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. 'नको' म्हणाल्या नाहीत. 'का?' असंही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "चादर तेवढी ठेवून घे गं."

आता तुम्हाला म्हणून सांगते, बारा वर्षं एका घरात काढली की शब्दांपेक्षा आवाज आधी कळतो. मी भंगारवाल्याला म्हटलं, "दादा, उद्या या." तो गेल्यावर सासूबाईंपाशी जाऊन विचारलं, "आई, काय आहे त्यात?"

बराच वेळ त्या कोथिंबीर निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यात आमच्या सासूबाईंची वही आहे."

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरात वही कशी? तर त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

सासूबाई आज बहात्तर वर्षांच्या आहेत. लग्नाआधी त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, टाइपरायटरवर. १९९७ साली सासऱ्यांनी पतपेढीचं कर्ज काढून हा कॉम्प्युटर घेतला, आणि सासूबाई घरबसल्या मराठी मजकूर टाइप करून द्यायला लागल्या. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाचा प्रबंध. रात्री सगळे झोपले की त्या स्वतःचं एक काम करत. आमच्या आजेसासूबाईंची एक वही होती. भाजणी, मेतकूट, बाळंतिणीचे लाडू, सांडगे, कुळाचाराचे नैवेद्य, सगळं त्यात लिहिलेलं. मापं शेर, मापटं आणि चिपट्यातली. कागदाचे तुकडे पडायला लागले, म्हणून सासूबाईंनी ती पानापानानं टाइप करून ठेवली. मी २०१३ साली या घरात आले, तेव्हा त्यांचं टायपिंगचं काम बंद होऊन कॉम्प्युटर माळ्यावर गेला होता. कीबोर्ड, प्रिंटर, छापलेली पानं आणि मूळ वही मात्र खालच्या कपाटात.

आणि मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. गावभागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही परतलो तेव्हा खालच्या खोलीत गाळ होता, आणि कपाट उघडलं तर आत कागदाचा लगदा. तेव्हा घरात इतकं काही गेलं होतं, की एका वहीचा शोक कोण करणार? सासूबाईंनी कधी शब्द काढला नाही. आणि मी तरी कुठं विचारलं होतं? माळ्यावरचा तो डबा म्हणजे वहीची जगातली एकुलती एक प्रत, आणि ती मी वजनावर द्यायला काढली होती!

म्हटलं, आता हा कॉम्प्युटर चालू करायचाच.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे. नव्वदच्या दशकात त्यांनी कॉम्प्युटरचीही पुष्कळ कामं केलीत. त्यांनी आधी तंबीच दिली, "ताई, इतक्या वर्षांनी एकदम बटण दाबायचं नाही." त्यांनी धूळ काढली, तारा तपासल्या, आणि वीज घेणाऱ्या पत्र्याच्या पेटीला मला हातही लावू दिला नाही. बंद केल्यावरही म्हणे त्यात वीज साठून राहते. मॉनिटर आमचा गेलेला होता. मी शिकवायला जाते तिथला एक जुना मॉनिटर चार दिवसांसाठी मागून आणला. त्याचा पंधरा पिनांचा प्लग चटकन बसला, आणि चित्रही आलं. ती पद्धत १९८७ सालची, आणि कितीतरी वर्षं तशीच राहिली. मला वाटलं, झालं की काम!

पण पडद्यावर दोन तक्रारी होत्या. एक अशी, की कॉम्प्युटरची स्मरणशक्ती गेली आहे. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिच्यावर तो तारीख आणि स्वतःची जुजबी माहिती लक्षात ठेवतो. ती कधीच संपली होती. ती काकांनी बदलली. पण दुसरी तक्रार मजेशीर होती. कीबोर्डमध्ये दोष आहे किंवा कीबोर्डच नाही, तेव्हा पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा! आमचे चिरंजीव सातवीत आहेत. ते हसून लोळायलाच लागले, "आई, कीबोर्ड नाही म्हणतोय आणि त्याच्यावरचं बटण दाब म्हणतोय!" हसू मलाही आलं. पण खरी गोष्ट अशी, की त्या दोन ओळींपाशी आमचा महिना गेला.

आता इथं जरा नीट ऐका, कारण मलाही हे समजायला वेळ लागला. कॉम्प्युटरच्या पोटात एक मोठी हिरवट पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. सगळे भाग तिच्यावर नाहीतर तिला जोडलेले. (सासूबाईंनी नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे घरातली सासूच की!") कीबोर्ड या पाटीशी बोलतो. आमच्या पाटीला मागे एक गोल, जाडसर भोक होतं, पाच पिनांचं. काका बघताक्षणी म्हणाले, "अहो, हा तर आपल्या टेपरेकॉर्डरचा प्लग!" आणि ते खरंच आहे. जर्मनीत आवाजाच्या यंत्रांसाठी ठरवलेला हा प्लग, तोच पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी कीबोर्डला वापरला.

मी आधी सोपा मार्ग धरला. घरात मुलाचा नवीन कीबोर्ड होता, चपट्या यूएसबी प्लगचा. तो काही गोल भोकात जाणार नव्हता. पण बाजारात आकार बदलणारे छोटे तुकडे मिळतात. मी एक जांभळा तुकडा आणला, त्यानं चपट्याचा बारीक गोल झाला. मग दुसरा आणला, त्यानं बारीक गोलाचा जाड गोल झाला. झुकझुकगाडीचे डबे जोडावेत तसं जोडून सगळं भोकात बसवलं. काहीच नाही! कीबोर्डवरचा एक दिवासुद्धा लागला नाही. मी चालू कॉम्प्युटरमध्येच तीनदा काढून बसवून पाहिलं.

काका आले आणि ते पाहून कपाळावर हात मारला. "ताई, हे जुने प्लग कॉम्प्युटर चालू असताना काढायचे-घालायचे नसतात! यूएसबीचं चालतं, याचं नाही. पाटीवर एक बारीक फ्यूज असतो. तो उडाला की मग चांगला कीबोर्ड लावला तरी मुकाच." नशीब आमचं, फ्यूज शाबूत होता.

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी एका जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहूनच ठेवलंय. ते म्हणाले, "हे तुकडे फक्त प्लगचा आकार बदलतात, भाषा बदलत नाहीत. काही वर्षांपूर्वी असे कीबोर्ड मिळायचे, ज्यांना नवी आणि जुनी दोन्ही भाषा यायच्या. हा तुकडा त्यांच्या खोक्यातच मिळायचा. त्यांच्यासाठी तो पुरतो. तुमच्या पोराच्या कीबोर्डला फक्त नवी येते. त्याला जुन्या भोकात घातलं म्हणून जुनी कशी येईल?"

मला हे इतकं पटलं म्हणून सांगू! आपल्याला वाटतं, माणूस घरात बसला की झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमची ताटं, वाट्या, सणवार सगळं सारखंच होतं. तरी पहिली दोन वर्षं सासूबाई म्हणायच्या एक आणि मला कळायचं भलतंच. 'राहू दे' म्हणजे खरंच राहू दे, की तू कर, हे कळायला मला किती दिवस लागले!

असो. तर आता जुनाच कीबोर्ड शोधायचा ठरला. चार दुकानं पालथी घातली, दोन ठिकाणी दुकानदार हसले. शेवटी मी त्याच भंगारवाल्याच्या वखारीत गेले. त्यानं मला ओळखलं. "ताई, तो डबा देणार होता, त्याचं काय झालं?" मी म्हटलं, "दादा, आता उलटं झालंय, मीच घ्यायला आलेय." त्यानं एका ढिगातून ओढून ओढून एक कीबोर्ड काढला. पिवळा पडलेला, विटेसारखा जड, गुंडाळी पडलेली जाड वायर, आणि टोकाला तोच पाच पिनांचा गोल प्लग! पन्नास रुपये घेतले. मी तो पदरात गुंडाळून आणावा तसा रिक्षात मांडीवर घेऊन आणला.

या वेळी कॉम्प्युटर बंद ठेवून प्लग लावला. काय सांगू, असा टक्क बसला! एकाही तुकड्याची गरज नाही. बटण दाबलं. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या होत्या. आणि पडद्यावर पुन्हा तेच. कीबोर्डमध्ये दोष आहे किंवा कीबोर्डच नाही.

त्या दिवशी मला रडूच यायचं बाकी राहिलं. सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "राहू दे गं आता. किती जीव काढशील?" हे 'राहू दे' कुठलं, ते मला बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तो कीबोर्ड काकांकडे नेला. त्यांनी प्लग पाहिला, वायर पाहिली आणि विचारलं, "उलटा करून पाहिलात का?" मी नव्हता पाहिला. तळाशी तीस-पस्तीस वर्षांचा मळ बसला होता. त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला. त्याखाली, नखानं सरकवावं लागेल एवढं बारीक एक बटण होतं. एका बाजूला एक्स लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला ए.

बटण एक्सकडे होतं.

त्याची गोष्ट अशी आहे. आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीनं १९८१ साली आपला पहिला घरगुती-कचेरीचा कॉम्प्युटर काढला, पीसी. १९८३ साली त्याची पुढची आवृत्ती आली, एक्सटी. या दोघांचा कीबोर्ड त्र्याऐंशी बटणांचा, आणि तो फक्त बोलायचा, ऐकायचा नाही. बटण दाबलं की पाटीकडे एक आकडा पाठवायचा. बटण सोडलं की दुसरा. पाटीनं त्याला काही सांगायची सोयच नव्हती. पुढे १९८४ साली कंपनीनं एटी नावाचा कॉम्प्युटर आणला. त्यात कीबोर्ड आणि पाटी यांचं बोलणं दोन्ही बाजूंनी सुरू झालं. पाटी विचारणार, 'आहेस ना ठीक?' कीबोर्ड सांगणार, 'आहे.' पाटी म्हणणार, 'मोठ्या अक्षरांचा दिवा लाव,' आणि कीबोर्ड तो लावणार. भाषा अशी सगळी बदलली, पण प्लग? प्लग तोच ठेवला, पाच पिनांचा!

आकड्यांची यादीसुद्धा बदलली. कीबोर्ड कधी अक्षर पाठवत नाही बरं का, नुसता आकडा पाठवतो. एक्सटीच्या यादीत 'ए'च्या बटणाचा आकडा ३०. एटीच्या यादीत २८. आणि गंमत म्हणजे एक्सटीच्या यादीत २८ म्हणजे एंटर! म्हणजे एकानं म्हणायचं 'ए', आणि दुसऱ्यानं समजायचं 'चला, पुढच्या ओळीवर'. बोलणारा खरा, ऐकणाराही खरा, आणि तरी गोंधळ.

तेव्हा कित्येकांच्या घरी नि कचेऱ्यांत दोन्ही तऱ्हेचे कॉम्प्युटर असायचे. म्हणून काही कंपन्यांनी दोन्ही भाषा बोलणारे कीबोर्ड काढले, आणि तळाशी हे बारीक बटण दिलं. एक्स म्हणजे एक्सटी, ए म्हणजे एटी. आमचा कीबोर्ड पूर्वी कुठल्या तरी जुन्या एक्सटीपाशी नांदलेला असणार. तो आपल्या जागी बरोबर होता, पाटी तिच्या जागी बरोबर होती. कुणीतरी मळ पुसून ते बटण सरकवायला हवं होतं, एवढंच.

घरी आले. कॉम्प्युटर बंद ठेवला, नखानं बटण ए कडे सरकवलं, प्लग बसवला आणि मग चालू केलं. सासूबाईंना बोलावलं नाही, म्हटलं पुन्हा निराशा नको. आणि अहो, कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातले तीन हिरवे दिवे एकदम लुकलुकले! पाटीनं विचारलं होतं आणि त्यानं उत्तर दिलं होतं. मी इतक्या जोरात "आई!" म्हणून ओरडले, की सासूबाई हातात झारा घेऊनच धावत आल्या.

मग काकांनी फोनवरून सांगितलं तसं मी एक एक केलं. बॅटरी बदलल्यामुळे कॉम्प्युटरला त्याचीच हार्डडिस्क पुन्हा ओळखून घ्यायला सांगावं लागलं. खरखर आवाज करत तो उठला. सासूबाईंनी मला बाजूला सारलं, खुर्चीत बसल्या आणि चष्मा वर केला. बटणांवर इंग्रजी अक्षरं. त्यांना त्याची गरजच नव्हती. टाइपरायटरवर जिथं जे अक्षर होतं तिथं त्यांचं बोट आपोआप जात होतं. मी मनात म्हटलं, इतक्या वर्षांत मी यांना अशी बसलेली कधी पाहिलीच नव्हती.

वही निघाली. एकशे बारा पानं.

तुमच्यापैकी कुणी जाणकार म्हणेल, 'हार्डडिस्क काढून नव्या कॉम्प्युटरला जोडली असती तर?' काकांनीही ते सांगितलं होतं, आणि पुढे आम्ही तिची प्रत करूनही घेतली. पण अडचण अशी, की त्या काळचं मराठी लिहिण्याचं सॉफ्टवेअर छपाईयंत्राच्या जागी एक कुलूपवजा तुकडा लावल्याशिवाय उघडायचं नाही. आमचा तो तुकडा कॉम्प्युटरलाच लागलेला राहिला होता, म्हणून वाचला. नव्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि चिन्हं यांची खिचडी दिसली. तिथंही तोच प्रकार! आकडे पोचले होते, पण त्यांची यादी वेगळी होती. तेव्हा वही वाचायची तर त्याच पाटीवर, त्याच पडद्यावर. प्रिंटर तर पुरात गेलेला. शेवटी मी मोबाइलनं पडद्याचे फोटो काढले, पानामागून पान. सासूबाई पान उलटायच्या, मी फोटो घ्यायची. मध्येच थांबून त्या सांगायच्या, "हे बघ, हे मेतकूट सासूबाई गौरीला करायच्या." रात्रीचे साडेअकरा वाजले. त्या दिवशी जेवायला खिचडी केली होती, कुणी तक्रार केली नाही.

शेवटी एक लहानशी फाइल होती, हिशेबाची. कुणाचं काम, किती पानं, किती रुपये. पानाला आठ रुपये, पुढे दहा. मध्ये मध्ये एका ओळीत नुसतं 'फी' एवढंच, आणि पुढे वजा केलेली रक्कम. साल १९९९, २०००, २००१. 'हे' मागं उभे राहून बघत होते. ती त्यांच्याच डिप्लोमाची वर्षं. त्यांनी काही विचारलं नाही आणि सासूबाईंनी काही सांगितलं नाही. फाइल बंद केली.

पण चार दिवसांनी यांच्या नावावर एक छोटं पार्सल आलं. आत काडेपेटीएवढी एक डबी. जुन्या कीबोर्डला नव्या कॉम्प्युटरशी जोडायची. माझ्या त्या जांभळ्या तुकड्यासारखी नुसता आकार बदलणारी नव्हे. हिच्या आत एक चिप असते. ती एका बाजूनं कीबोर्डचं ऐकते, समजून घेते आणि दुसऱ्या बाजूला यूएसबीच्या भाषेत सांगते. दुभाषीच म्हणा ना! जाड गोलाचा बारीक गोल करायला एक साधा तुकडा मात्र तिथं पुरला, कारण १९८७ साली आलेल्या त्या बारीक गोल प्लगची भाषा एटीचीच होती. बदलला तो फक्त आकार. पाहा, कधी प्लग तोच आणि भाषा वेगळी, तर कधी भाषा तीच आणि प्लग वेगळा. वरवर पाहून काही सांगता येत नाही, हेच खरं.

तुम्ही विचाराल, नव्या कॉम्प्युटरला नवाच कीबोर्ड का नको? आम्ही देऊन पाहिला. पण सासूबाईंचा हात अलीकडे थोडा थरथरतो. नव्या हलक्या कीबोर्डवर नुसता स्पर्श झाला तरी अक्षर दोनदा उमटतं. जुन्याचं बटण जोर लावल्याशिवाय खाली जात नाही, आणि गेलं की 'टक' म्हणून सांगतं. मराठीसाठी सरकारनं १९८६ साली ठरवलेली इनस्क्रिप्टची मांडणी नव्या कॉम्प्युटरात आयती असते. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. नव्यानं शिकणाऱ्याला ती फार सोपी, मी तीच शिकतेय. पण सासूबाईंच्या बोटांना टाइपरायटरची सवय. म्हणून त्यांच्यासाठी ती जुनी मांडणी वेगळी बसवून घेतली. शेवटी कीबोर्ड नुसते आकडेच पाठवतो. त्यांचं अक्षर काय करायचं, ते आपल्या हातात असतं.

आता जाता जाता तुमच्यासाठी चार गोष्टी, माझ्यासारखी पायपीट होऊ नये म्हणून. माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा, आणि ज्या गप्प बसतात त्यांना दोनदा विचारा. बरीच वर्षं बंद असलेलं यंत्र जाणत्या माणसाला दाखवूनच चालू करा. गोल प्लगाचा कीबोर्ड लावताना वा काढताना कॉम्प्युटर आधी बंद करा. प्लग तिरका दाबू नका, आतल्या पिना वाकतात. बारीक गोलाचा जाड गोल करायला साधा तुकडा पुरतो. पण गोल आणि चपट्या यूएसबीचं जमवायचं असेल, तर 'आत चिप आहे का?' असं विचारूनच घ्या. आणि सगळं बसूनही चालेना, तर कीबोर्ड एकदा उलटा करून पाहा.

हल्ली दुपारी चार वाजता, माझ्या शिकवणीची मुलं यायच्या आधी, आमच्या घरात टक-टक ऐकू येतं. सासूबाई फोटोंवरून वही नव्यानं टाइप करताहेत. चाळीस पानं झाली. शेर आणि चिपटं तसंच ठेवून शेजारी ग्रॅमचं प्रमाण घालताहेत, नातसुनेला कळावं म्हणून. (नातू सातवीत आहे, पण असो!)

परवा मी चहा घेऊन गेले, तर मान न वळवता त्यांनी विचारलं, "तू भाजणीत धने किती घालतेस गं?"

बारा वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला, आणि आजेसासूबाईंच्या प्रमाणाच्या खाली, वेगळ्या ओळीत, तेही टाइप केलं.